कुकच्या नकाशातलं एक जास्तीचं बेट

उत्तरवारा

न्यूझीलंडचा आजचा नकाशा उघडा आणि शेजारी जेम्स कुकने १७६९-७० मध्ये काढलेला ठेवा. पहिल्या नजरेला फारसा फरक कळत नाही. सुमारे ३,८०० किलोमीटरचा अनोळखी किनारा, सहा महिने, एक शिडाचं जहाज, आणि बहुतेक सगळं समुद्रातूनच पाहून काढलेलं. तोंडात बोट जातं.

पण मला तो नकाशा आवडतो तो त्यातल्या दोन चुकांसाठी. दक्षिण बेटाच्या पूर्व किनाऱ्यावर आज बँक्स द्वीपकल्प आहे, तिथे कुकने सुटं बेट दाखवलंय. आणि अगदी तळाशी स्ट्युअर्ट बेट आहे, ते मात्र मुख्य भूमीला जोडून टाकलंय. द्वीपकल्पाचं बेट, बेटाचं द्वीपकल्प. एकूण गोळाबेरीज बरोबर!

थोडी पार्श्वभूमी. कुकचं 'एंडेव्हर' हे मुळात इंग्लंडात व्हिटबीला बांधलेलं, कोळसा वाहणारं जहाज. सपाट बुडाचं, पोटात भरपूर जागा, वेगाच्या नावाने बोंब. ऑगस्ट १७६८ मध्ये ते प्लिमथहून निघालं तेव्हा वर ९४ माणसं होती. जगाला सांगितलेलं काम एकच: ३ जून १७६९ ला ताहितीवरून शुक्राचं अधिक्रमण, म्हणजे शुक्र सूर्यबिंबावरून सरकताना, पाहायचं. ते झाल्यावर उघडायचा दुसरा हुकूम वेगळा होता. दक्षिणेला ४० अक्षांशापर्यंत उतरा, तिथे मोठा खंड आहे असं म्हणतात तो सापडतो का पाहा. नाही सापडला तर पश्चिमेला वळा आणि डच दर्यावर्दी टास्मानने १६४२ मध्ये पाहिलेला किनारा गाठा.

टास्मानने काय पाहिलं होतं? पश्चिमेची एक बाजू. त्याच्या नकाशात ती एक लांबलचक रेघ आहे, तिच्यामागे कोरा कागद. लंडन-पॅरिसातल्या विद्वानांनी त्या कोऱ्या कागदावर अख्खा खंड वसवला होता. कुकच्या जहाजावरचा श्रीमंत निसर्गअभ्यासक जोसेफ बँक्स त्यांच्याच पंथाचा. मार्च १७७० मध्ये जहाज दक्षिण टोकाला वळसा घालून गेलं, पुढे जमीन नाही हे दिसलं, तेव्हा आपला हवेतला इमला कोसळल्याचं त्याने रोजनिशीत लिहून ठेवलंय.

आता त्या जास्तीच्या बेटाकडे. १६ फेब्रुवारी १७७०. जहाज दक्षिण बेटाच्या पूर्व बाजूने खाली चाललंय. दूरवर डोंगर दिसतात, त्यांच्या दोन्ही बाजूंना जमीन दिसत नाही. कुकने बेट म्हणून नोंद केली, नाव दिलं बँक्सचं. जवळ जाऊन खात्री करता आली असती. पण दुसऱ्या दिवशी सकाळी लेफ्टनंट गोर म्हणाला, आग्नेयेला जमीन दिसतेय. कुकला पटलं नव्हतं, तरी 'पाहिलंच नाही' असं नंतर कोणी म्हणू नये म्हणून त्याने जहाज तिकडे वळवलं. तिकडे नुसतं पाणी. या खटाटोपात किनारा हातचा गेला आणि बेट नकाशात कायम झालं. ते बेट नाही हे १८०९ मध्ये 'पेगॅसस' जहाजाने तिथे जाऊन खाडी शोधायचा प्रयत्न केला तेव्हा ठरलं.

मला यातून दिसतं ते असं: किनाऱ्याचा नकाशा म्हणजे जहाज कुठून गेलं, वारा कसा होता आणि त्या दिवशी कोण काय म्हणालं याची नोंद असते. जमीन त्यात नंतर येते. जाणकारांनी भर घालावी.

मीठभाकर

रुमाल टाकून ठेवतो. रात्री निवांत वाचणार.

डेकहँड

छान धागा. आयुष्य व्यापारी जहाजांवर गेलं, त्यामुळे थोडं तांत्रिक लिहितो.

चालत्या जहाजावरून किनारा कसा काढतात? जहाज किनाऱ्याला समांतर चालतं. वेग मोजायला गाठी मारलेली दोरी पाण्यात सोडायची, अर्ध्या मिनिटाची वाळूची घटिका उलटी करायची, किती गाठी हातातून गेल्या ते मोजायचं. दिशा होकायंत्रावरून. म्हणजे जहाज 'अ' पासून 'ब' पर्यंत किती आणि कुठे सरकलं हे अंदाजे कळलं. 'अ' वरून एका डोंगराच्या टोकाची दिशा घ्यायची, 'ब' वरून त्याच टोकाची पुन्हा. दोन रेषा कागदावर जिथे छेदतात तिथे डोंगर. अशी टोकं पक्की करत जायचं आणि दोन टोकांमधला किनारा नजरेने भरायचा. दुपारी सूर्याची उंची घेऊन अक्षांश तपासायचा.

यातली मेख 'नजरेने भरायचा' इथे आहे. आणि जहाज 'अ' वरून 'ब' ला जाताना खालून पाण्याचा प्रवाह त्याला ढकलतोय, तो दोरीवर मोजलाच जात नाही.

कुक हे काम नव्याने शिकत नव्हता. १७५८ मध्ये कॅनडातल्या लुईबर्गला सॅम्युअल हॉलंड नावाच्या लष्करी मोजणीदाराला त्याने समतल फळा (तिकाटण्यावरचा सपाट फळा, त्यावर जागच्या जागी नकाशा आखतात) लावून जमीन मोजताना पाहिलं आणि त्याच्याकडून ते शिकून घेतलं. मग १७६३ ते ६७ न्यूफाउंडलंडचा किनारा मोजला. तिथे मात्र तो जमिनीवर उतरून, त्रिकोण आखून काम करायचा. न्यूझीलंडला ती चैन नव्हती. ज्या पट्ट्यात तो महिनाभर थांबला तो पट्टा आणि ज्याच्यासमोरून वादळात पळाला तो पट्टा, नकाशात शेजारी शेजारी सारख्याच काळ्या रेघेने छापलेले आहेत. वाचणाऱ्याला भेद कळणार कसा?

पोहुतुकावा

मी क्राइस्टचर्चला राहते, म्हणजे उत्तरवारा यांच्या 'जास्तीच्या बेटा'च्या दारातच. इथून सांगते, कुकला दोष देणं कठीण आहे. कँटरबरीचं मैदान इतकं सपाट आहे की समुद्रातून थोडं लांब गेलात की ते पाण्याच्या रेषेखाली बुडतं. बँक्स द्वीपकल्प म्हणजे दोन जुन्या ज्वालामुखींचे डोंगर. ते तेवढे वर राहतात. धुकट दिवशी आमच्या इथल्या टेकडीवरूनही पलीकडचं मैदान नाहीसं होतं.

आणि गंमत म्हणजे भूशास्त्राच्या हिशेबाने ते खरंच बेट होतं. इथल्या, म्हणजे न्यूझीलंडच्या, आल्प्स डोंगरांतून नद्यांनी वाहून आणलेल्या दगडगोट्यांनी मैदान पुढे सरकत आलं आणि बेटाला येऊन भिडलं. कुक थोडा उशिरा पोचला एवढंच.

गोट्या१९

पोहुतुकावा ताई 😄 थोडा म्हणजे हजारो वर्षं ना?

माझ्या वाचनात आलं होतं की कुकने काही सामुद्रधुन्या मुद्दाम लपवल्या. फ्रेंचांना कळू नये म्हणून. टास्मानियाच्या वरची बास सामुद्रधुनी, इकडे स्ट्युअर्ट बेटाची फोव्हो. नौदलाचं गुपित. यावर काय म्हणणं?

उत्तरवारा

गोट्याभाऊ, असं मांडणारे आहेत खरे. मला पटत नाही. लपवायचंच होतं तर उत्तर आणि दक्षिण बेटांमधली सामुद्रधुनी लपवायची. ती त्या मुलखातली सगळ्यात कामाची. टास्मान तिच्या तोंडाशी येऊन गेला होता, त्याला ती उमगली नाही. कुकने जानेवारी १७७० मध्ये क्वीन शार्लट साउंड या खाडीजवळच्या एका टेकडीवर चढून ती पाहिली, तिच्यातून जहाज नेलं आणि नकाशात ठळक दाखवली. आज तिला त्याचंच नाव आहे.

उलट पुढचा प्रसंग पाहा. सामुद्रधुनीतून पलीकडे आल्यावर काही अधिकारी म्हणाले, वरचा भाग बेटच आहे कशावरून? मधला थोडा किनारा आपण पाहिलेलाच नाही, तिथून जमीन आग्नेयेला गेली असेल तर? कुकची स्वतःची खात्री होती. तरी तो उलटा वर गेला आणि ९ फेब्रुवारीला केप टर्नअगेन पुन्हा डोळ्यांनी दिसेपर्यंत थांबला नाही. चार महिन्यांपूर्वी तिथूनच तो मागे फिरला होता. आता ओळखा म्हणाला, हेच ना ते टोक? वर्तुळ पुरं झालं तेव्हा खाली वळला.

फोव्होच्या वेळी मार्च होता, दक्षिणेचा वारा, दाट हवा, आणि जहाज बाहेरून वळसा घालून गेलं. आधी त्याला ते बेट वाटलं होतं, नंतर मत बदललं. ती सामुद्रधुनी १८०४ मध्ये सीलच्या शिकारीसाठी आलेल्या ओवेन स्मिथने नोंदली. थकलेल्या माणसाचा निर्णय चुकला, इतकं साधं असावं.

प्रश्नचिन्ह

लेख माहितीपूर्ण आहे पण एक खटकलं. 'अनोळखी किनारा' कोणाला अनोळखी? माओरी तिथे शेकडो वर्षं राहत होते. त्यांच्याकडे प्रत्येक खडकाला नाव होतं. कुकचे लोक तूरांगानुई-अ-किवाला, म्हणजे आजच्या गिझबर्नला, ऑक्टोबर १७६९ मध्ये उतरले तेव्हा पहिल्याच दिवशी 'ते मारो' नावाचा माणूस गोळीने मेला. पुढच्या एक-दोन दिवसांत आणखी काही. आणि त्या उपसागराला कुकने नाव काय दिलं, तर 'दारिद्र्याचा उपसागर', कारण त्याला तिथे हवं ते अन्नपाणी मिळालं नाही! आधी माणसं मारायची आणि मग गावाला दरिद्री म्हणायचं. २०१९ मध्ये ब्रिटनच्या उच्चायुक्तांनी तिथल्या लोकांना भेटून खेद व्यक्त केला. अडीचशे वर्षांनी. नकाशाचं कौतुक करताना हे पहिल्या परिच्छेदात यायला हवं होतं.

मीठभाकर

प्रश्नचिन्ह यांच्याशी सहमत, पण दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात की. मोजणी उत्तम होती आणि गोळ्याही झाडल्या. कौतुक केलं म्हणजे माफ केलं असं नाही ना?

पोहुतुकावा

प्रश्नचिन्ह, तुमच्या मुद्द्यात भर घालते. कुकने त्या नकाशात दोन बेटांची जी नावं लिहिली ती इंग्रजी नव्हती, माओरी होती, ऐकून लिहिलेली. दक्षिण बेटाचं 'ते वाइ पौनामु' हे नाव आज इथे सरकारी आहे. ते त्याला कळलं कसं? तुपाइयामुळे.

तुपाइया हा रायाटेआ बेटावरचा पुरोहित आणि दर्यावर्दी. ताहितीहून तो एंडेव्हरवर चढला. त्याची भाषा माओरीच्या जवळची, त्यामुळे इथे आल्यावर तो बोलायला लागला आणि किनाऱ्यावरच्या लोकांना कळलं! कित्येक ठिकाणी माओरींना तोच जहाजाचा मुख्य वाटला, कुक नाही. प्रवासात जहाज कुठेही असो, ताहिती कुठल्या दिशेला आहे हे तो दाखवत असे.

त्याने ७४ बेटांचा एक नकाशा करून दिला, त्याची प्रत बँक्सच्या कागदपत्रांत राहिली. युरोपीय अभ्यासकांना तो दोन शतकं गोंधळाचा वाटला, कारण उत्तर वर धरून पाहिलं तर बेटं भलतीकडेच येतात. अलीकडे काही अभ्यासकांनी मांडलंय की चूक वाचणाऱ्यांची होती: बेटांच्या जागा एका ठरलेल्या उत्तरेपासून दाखवलेल्याच नाहीत. ज्या बेटावरून निघाल तिथून पुढच्या बेटाची दिशा, माध्यान्हीच्या सूर्याच्या आधाराने. आपण नकाशाच्या बाहेर उभे राहून वरून पाहतो. तुपाइया होडीत बसलेला.

आणखी एक. नोव्हेंबर १७६९ मध्ये जहाज 'मर्क्युरी बे' या उपसागरात होतं तेव्हा 'ते होरेता' नावाचा लहान मुलगा जहाजावर गेला होता. म्हातारपणी त्याने सांगितलेली आठवण लिहून ठेवलेली आहे. कुकने कोळसा देऊन एका वृद्ध प्रमुखाला जमीन कशी आहे ते विचारलं आणि त्याने जहाजाच्या फळ्यांवर उत्तर बेटाची आकृती काढली. पार वरच्या टोकापर्यंत, जिथून मृतांचे आत्मे निघून जातात तिथपर्यंत.

प्रश्नचिन्ह

ही कोळशाच्या नकाशाची गोष्ट माहीत नव्हती. धन्यवाद ताई. मग श्रेयात तो वृद्ध कुठे आहे? नकाशाच्या कोपऱ्यात 'ले. जे. कुक' एवढंच नाव.

खडपवासी

मालवणातून नमस्कार. आमच्याकडे अजूनही म्हातारे तांडेल देवळाचा कळस आणि मागचा डोंगर एका रेषेत धरून खडप (पाण्यातला खडक) कुठे ते सांगतात. डेकहँडकाकांनी सांगितलेल्या दोन रेषा त्याच. फक्त कागद नाही. खोली वावात (एक वाव म्हणजे साधारण सहा फूट).

माझा प्रश्न असा की त्याच काळात आपल्या कोकण किनाऱ्याचे नकाशे कोणी केले? आणि यातलं कोणी भारतातून तिकडे गेलं होतं का?

उत्तरवारा

दुसऱ्याचं उत्तर आधी, कारण ते भारी आहे. डिसेंबर १७६९ मध्ये कुक उत्तर टोकाशी वादळाशी झगडत होता, तेव्हाच एक फ्रेंच जहाज त्याच टोकाला वळसा घालत होतं. कप्तान सुर्व्हिल. दोघे एकमेकांपासून फार लांब नव्हते, पण दोघांनाही पत्ता नाही. हे सुर्व्हिलचं जहाज आलं होतं बंगाल आणि पाँडिचेरीहून, आणि त्यावर भारतीय खलाशी होते. न्यूझीलंडला पोचलेले पहिले भारतीय हेच मानतात.

आता कोकण. मुंबईच्या कंपनी सरकारच्या आरमाराला 'बॉम्बे मरीन' म्हणत. त्यातला जॉन मॅक्लुअर हा अधिकारी. आधी इराणच्या आखातात मोजणी केली, मग १७८७ नंतर मुंबईसमोरचा उथळ समुद्र आणि भारताचा पश्चिम किनारा. तेव्हाचं राजकारण आठवा: कुलाब्याला आंग्रे, जंजिऱ्याला सिद्दी, मध्ये पेशवे, सिंधुदुर्गाला कोल्हापूरकर, मग वाडीकर सावंत, खाली गोव्यात पोर्तुगीज. किनारा एक, धनी अर्धा डझन.

त्याचे नकाशे छापले अलेक्झांडर डॅलरिंपलने. हा गृहस्थ म्हणजे दक्षिणेतल्या महाखंडाचा सगळ्यात मोठा पुरस्कर्ता! १७६८ च्या मोहिमेचं नेतृत्व आपल्याला मिळावं असं त्याला वाटत होतं. नौदलाचा अधिकारी नसल्याने मिळालं नाही, कुक गेला आणि त्याचा खंड पुसून आला. डॅलरिंपल १७७९ मध्ये कंपनीचा नकाशाधिकारी झाला आणि १७९५ मध्ये ब्रिटिश नौदलाचा पहिला. आयुष्यभर दुसऱ्यांनी पाहिलेले किनारे छापले.

खडपवासी

मस्त. आणि मॅक्लुअरचं पुढे काय झालं?

उत्तरवारा

त्याची कथा विचित्र आहे. १७९० मध्ये त्याला मुंबईहून प्रशांत महासागरातल्या पालाऊ बेटांवर पाठवलं. तिथल्या प्रमुखाचा मुलगा ली बू इंग्लंडला गेला होता आणि १७८४ मध्ये लंडनला देवीने वारला, ती बातमी बापाला सांगायला. जाता-येता न्यू गिनीचा किनाराही मोजला. मग १७९३ मध्ये या माणसाने पालाऊत जहाजाचा ताबा दुय्यम अधिकाऱ्याला दिला आणि स्वतः तिथेच राहिला. सव्वा वर्षाने कंटाळून एका छोट्या होडीतून बाहेर पडला, फिरत फिरत कलकत्त्याला आला. तिथून पुन्हा निघाला, तो कुणाला दिसलाच नाही.

गोट्या१९

यावर वेगळा धागा पाहिजे. वाचनखूण साठवली आहे.

डेकहँड

खडपवासींनी वावाचा उल्लेख केला म्हणून आठवलं. दोरीला शिशाचा जड गोळा, त्याच्या बुडाला खळग्यात चरबी भरलेली. तळाला टेकला की चरबीला वाळू, शिंपले, चिखल जे असेल ते चिकटून वर येतं. खोलीही कळली, तळही कळला. पण ही मोजणी फक्त जहाजाच्या खालची. पुढे दहा हातांवर काय आहे ते नाही कळत.

११ जून १७७०, ऑस्ट्रेलियाचा पूर्व किनारा, चांदणी रात्र. शिसं टाकणाऱ्याने १७ वाव सांगितले. तो पुढचा गोळा टाकेपर्यंत जहाज प्रवाळावर आदळलं. सहा तोफांसकट ४०-५० टन सामान समुद्रात फेकलं तेव्हा जवळजवळ एक दिवसाने सुटलं. दुरुस्तीला किनाऱ्यावर ओढल्यावर दिसलं की भोकात प्रवाळाचाच एक तुकडा अडकून बसला होता. तो बुचासारखा राहिला नसता तर हा धागाच निघाला नसता. त्या तोफा १९६९ मध्ये सापडल्या.

पोहुतुकावा

दक्षिणेकडच्या खाड्यांबद्दल एक किस्सा राहिला. दुसऱ्या सफरीत, १७७३ मध्ये कुकने डस्की साउंडचा फार बारकाईने नकाशा केला. त्याच्या वरच्या अंगाला एका खाडीचं टोक पाहणं जमलं नाही, म्हणून तिथे त्याने सरळ लिहिलं, 'काय आहे कुणास ठाऊक'. त्या सफरीत व्हँकुव्हर हा पोरगेला शिकाऊ होता. १७९१ मध्ये तो स्वतः कप्तान होऊन तिथे आला, खाडी शेवटपर्यंत मोजली आणि नकाशात लिहिलं, 'कुणाला तरी ठाऊक'. गुरूला इतकं नम्र चिमटा काढणं मी दुसरीकडे वाचलेलं नाही.

मीठभाकर

😄😄 हे सगळ्यात आवडलं.

एक शंका. रेखांश कसे काढले? तेव्हा समुद्रावरही अचूक वेळ दाखवणारं हॅरिसनचं घड्याळ झालेलं होतं ना?

डेकहँड

झालेलं होतं, पण पहिल्या सफरीत घड्याळ नव्हतं. एंडेव्हरवर चंद्राचा हिशेब. चंद्र आणि सूर्य किंवा एखादा तारा यांच्यातला कोन मोजायचा, पंचांगातल्या तक्त्याशी ताडून ग्रीनिचची वेळ काढायची, स्थानिक वेळेशी फरक म्हणजे रेखांश. हे छापील तक्ते ग्रीनिचहून नुकतेच, १७६७ सालापासून निघू लागले होते. जहाजावर चार्ल्स ग्रीन हा खगोलशास्त्रज्ञ होता, तो यात तरबेज. तो आणि तुपाइया, दोघेही परतीच्या वाटेवर वारले. बटाव्हियाच्या (आजच्या जकार्ताच्या) हवेने जहाजावर हिवताप आणि अतिसार आणला होता.

चंद्राची पद्धत नाजूक. कोन मोजताना एका मिनिटाची (अंशाच्या साठाव्या भागाची) चूक झाली तर रेखांशात अर्ध्या अंशाची होते. डोलत्या जहाजावर एक मिनिट म्हणजे काहीच नाही.

दुसऱ्या सफरीत केंडलने हॅरिसनच्या घड्याळाबरहुकूम बनवलेलं घड्याळ बरोबर होतं आणि विल्यम वेल्स नावाचा खगोलशास्त्रज्ञ. न्यूझीलंडला किनाऱ्यावर बसून त्याने पुष्कळ निरीक्षणं घेतली. निघालं काय, तर पहिल्या नकाशातलं अख्खं दक्षिण बेट ४० मिनिटं पूर्वेला सरकलंय, उत्तर बेट ३० मिनिटं. त्या अक्षांशावर ४० मिनिटं म्हणजे पन्नासेक किलोमीटर. कुकने हे स्वतःच्याच सफरवृत्तात छापलं. वर असंही लिहिलं की यामुळे जहाजांना किंवा भूगोलाला काही धोका आहे म्हणून सांगत नाही, चूक आहे याची खात्री आहे म्हणून सांगतो.